माळवदाचा गारवा, पण वजन नको: ढोकी परिसरात नवे घर बांधताना

ढोकी आणि आसपासच्या गावांत नवे घर बांधताना त्याचा आराखडा वास्तुविशारदाच्या आधी इथली जमीन आणि हवामान ठरवतात. तेरणेच्या खोऱ्यातली काळी चिकण माती, एप्रिल-मेमधले चाळीस अंशांपलीकडचे ऊन, उन्हाळ्यात बोअरला लागणारी घरघर आणि 1993 च्या भूकंपाने दिलेला धडा यांना सोडून काढलेला नकाशा पुण्या-मुंबईत शोभेल, इथे त्रास देईल. जुन्या माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांनी, उन्हाचा प्रश्न उत्तम सोडवला होता, पण छताचे आणि भिंतींचे वजन त्यांत राहणाऱ्यांच्या जिवावर उठले. नव्या घराने तो गारवा घ्यावा आणि ते वजन टाळावे. पायापासून रंगापर्यंतच्या बहुतेक निर्णयांना हीच कसोटी लावता येते.

जागा आणि कागद

गावठाणातल्या जागेसाठी आणि शेतजमिनीसाठी कागद वेगळे लागतात. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 सर्वांकडे असतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ती मिळाली असेल तर तिच्यावरची हद्द आणि प्रत्यक्ष जागा जुळते का, ते पाया खोदण्याआधी पाहावे. शेतजमिनीवर घर बांधायचे असेल तर सातबारा, मोजणीचा नकाशा आणि अकृषिक वापराची बाब आधी निकाली काढावी. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधले कलम 42-ड उपयोगी पडते. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करता येते. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले असल्याने जुन्या खरेदीखतांवर उस्मानाबाद आणि नव्या कागदांवर धाराशिव असे दिसते. त्यात काही वावगे नाही. गट क्रमांक, क्षेत्र आणि नावे मात्र सगळीकडे सारखी असायला हवीत, कारण बँकेचे कर्ज बहुधा याच ठिकाणी अडते.

बांधकाम परवानगीच्या नकाशासोबत संरचना अभियंत्याचा स्वतंत्र नकाशाही करून घ्यावा. खांब, तुळया, पाया आणि सळ्या यांचा तपशील त्यात असतो. गावातला अनुभवी गवंडी भिंत ओळंब्यात आणेल, पण कोणत्या खांबात किती जाडीची सळई लागते हे अंदाजाने ठरवायचे काम नव्हे. घराच्या एकूण खर्चात अभियंत्याची फी फार थोडी असते. ती वाचवण्याइतका महागात पडणारा दुसरा व्यवहार नाही.

काळी माती आणि पाया

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या गटातली खनिजे असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि पाणी उडाले की आक्रसून भेगाळते. मे महिन्यात मोकळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; तीच जमीन ऑगस्टमध्ये पाय रुतावा अशी होते. ही हालचाल दर वर्षी होते, आणि तिचा त्रास हलक्या बांधकामाला अधिक होतो. दोन मजली घर आपल्या भाराने मातीला काही प्रमाणात दाबून धरते. एक मजली घर, ओटा, पायऱ्या आणि कुंपणाची भिंत मात्र मातीबरोबर वरखाली होतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडणारी भेग हे त्याचे नेमके लक्षण आहे. अशा भेगेत दर वर्षी पुट्टी भरून काही साधत नाही.

म्हणून पहिला खर्च चाचणी खड्ड्यांवर करावा. जागेच्या निदान दोन-तीन कोपऱ्यांत, मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेला थर स्पष्ट दिसतात: वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर-तपकिरी, चुनखडीचे पांढरे खडे असलेला मधला थर, आणि मग पहार आपटली की टणक आवाज देणारा मुरूम. एका कोपऱ्यात मुरूम चार फुटांवर आणि दुसऱ्यात नऊ फुटांवर असू शकतो. मग ‘सगळीकडे पाच फूट पाया’ असा सरधोपट ठराव केला तर घराचा एक भाग मुरमावर आणि दुसरा मातीवर बसतो, आणि घर दुभंगण्याची सुरुवात तिथेच होते. पायाची खोली फुटांत न ठरवता थरावर ठरवावी. प्रत्येक खड्डा पक्क्या मुरमापर्यंत न्यावा.

काळ्या मातीचा थर फार खोल असेल तर खालच्या टोकाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. पाइल साधारण साडेतीन मीटर खाली जातात, जिथे ऋतूप्रमाणे ओलाव्यात फारसा बदल होत नाही, आणि खालचा फुगवटा त्यांना वर उचलू देत नाही. पाइलवरच्या तुळईखाली थोडी मोकळी जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला खालून रेटत नाही. धाराशिव-लातूर पट्ट्यातल्या जाणकार अभियंत्यांना ही पद्धत ठाऊक असते. तिचा खर्च पाहून घाबरण्याआधी खोल खोदाई, दगडकाम आणि भराव यांचा हिशेब शेजारी मांडून पाहावा.

पायाइतकेच महत्त्व जोत्याच्या भरावाला आहे, आणि नेमकी इथेच चूक सर्रास होते. पाया खोदताना निघालेली काळी माती जागेवरच असते, फुकट असते, म्हणून तीच जोत्यात ढकलली जाते. वर कोबा आणि महागडी फरशी बसते. दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलली जाते, दारे जमिनीला घासू लागतात. जोत्यात मुरूमच भरावा, तोही सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने किंवा यंत्राने ठोकून. वाळवीप्रतिबंधक औषधाची फवारणी याच टप्प्यावर करून घ्यावी, कारण फरशी बसल्यावर ती नीट करता येत नाही.

घराभोवती निदान तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा, गळका नळ, बोअरच्या मोटारीचे सांडणारे पाणी, गच्चीच्या पाइपची जमिनीवर सुटणारी धार यांतले काहीही ठेवू नये. मोठी झाडे भिंतीपासून लांब लावावीत. त्यांची मुळे पायाजवळचा ओलावा शोषून माती आक्रसवतात. काळ्या मातीला पाणी मिळणे जितके वाईट, तितकेच ते एका बाजूला मिळणे आणि दुसऱ्या बाजूला न मिळणे वाईट.

1993 चा धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरमधला औसा तालुका आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा-लोहाऱ्याचा भाग यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी जीवितहानी होण्याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-अडीच फुटांपासून पुढे जाड असलेल्या दगडमातीच्या भिंतींत आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, मध्ये नुसता चिखल आणि दगडांची भर होती. वर तुळया, किलचन आणि त्यावर मातीचा थर. दर वर्षी गळती थांबवायला नवी पांढरी माती टाकत गेल्याने तो थर पिढ्यान्‌पिढ्या जाड होत गेला. एका चौरस मीटरवर दोन फूट मातीचा थर म्हणजे सुमारे एक टन वजन होते. हादऱ्यासरशी भिंती फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर दगड आणि माती कोसळली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. चांगले बांधलेले सांगाडे टिकतात आणि न बांधलेले वजन मारते, हे त्या ढिगाऱ्यांनी दाखवून दिले.

भूकंपाच्या वेळी भारतीय मानकांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. त्यामुळे ढोकीतल्या घराचा हिशेब तिसऱ्या क्षेत्रासाठी करायचा, हे अभियंत्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. आरसीसी घर म्हणजे आपोआप भूकंपरोधक घर, हा समज चुकीचा आहे. खांब आणि तुळया जिथे मिळतात तो सांधा घराचा प्राण असतो. खांबाच्या रिंगांची टोके 90 अंशांत नुसती दुमडून चालत नाही. ती 135 अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात निदान 65 मिलिमीटर आत गेली पाहिजेत, आणि सांध्याजवळ रिंगा जवळजवळ हव्यात. बांधकामावर हे पाहायला पदवी लागत नाही. काँक्रीट पडण्याआधी घरातल्या कोणीही वाकून रिंगेचे टोक पाहिले तरी कळते.

रस्त्यालगतच्या जागेत खाली दुकानाचे गाळे आणि वर राहण्याचे घर ही मांडणी लोकप्रिय आहे. तिच्यात पुढची बाजू शटरांमुळे पूर्ण मोकळी राहते आणि वरच्या मजल्यावर मात्र भरीव भिंती येतात. खालचा मजला लवचीक आणि वरचा जड, अशी ही रचना भूकंपात धोक्याची ठरते. ती हवीच असेल तर खालच्या खांबांचा वेगळा हिशेब करून घ्यावा. गच्चीवरची पाण्याची टाकी खांबांच्या डोक्यावर यावी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. हल्ली दर्शनी भागावर दगडी पट्ट्यांचे आवरण आणि पुढे काढलेल्या जड चौकटी लावून एलिव्हेशन खुलवतात. त्या चौकटी नकाशात नसताना नंतर सुचलेल्या असतील तर त्या न केलेल्याच बऱ्या.

भिंतींसाठी भाजलेली वीट, सिमेंटचे ठोकळे आणि एएसी ब्लॉक असे पर्याय आहेत. विटेच्या तुलनेत एएसी ब्लॉकचे वजन साधारण तिसरा हिस्सा असते आणि तो उष्णताही कमी आत सोडतो, त्यामुळे या भागाला तो दोन्ही अर्थांनी मानवतो. पण त्याला योग्य मसाला, सांध्यांवर जाळी आणि काम जाणणारा गवंडी लागतो. तसा कारागीर मिळत नसेल तर चांगली वीटच घ्यावी. विटेचे काम या परिसराला नवे नाही. शेजारच्या तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचेच आहे, आणि ते शतकानुशतके उभे आहे.

ऊन आणि नकाशा

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे सरळ रस्त्यांच्या आखणीत देण्यात आली. घरे भक्कम होती, पण माळवदाचा गारवा, ओसरी, चौक आणि जनावरांची जागा त्यांत आली नाही, आणि लोकांना पुढे पत्र्याच्या पडव्या काढाव्या लागल्या. स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्या कुटुंबाला ही चूक टाळण्याची पूर्ण मोकळीक असते.

ढोकी साधारण 18.4 अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यातली सर्वाधिक उष्णता छतावर पडते. दक्षिणेचे ऊन सहज आवरते. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्याची सावली सुमारे सहा फूट खाली उतरते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि थंडीतले ऊन घरात येते. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने तिथे छज्ज्याचा उपयोग होत नाही. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेला घ्यावी, किंवा त्या बाजूला खोल ओसरी काढावी. पश्चिमेच्या दर्शनी भागाला मोठी काच लावणे ही इथल्या हवामानात शुद्ध चूक आहे, मग ती चित्रात कितीही देखणी दिसो. वास्तुशास्त्राप्रमाणे दिशा पाळणाऱ्या कुटुंबांनीही खोल्यांची ही अदलाबदल नकाशा कागदावर असतानाच बसवून घ्यावी. विटांवर आल्यावर ती बसत नाही.

दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळी आणि रात्री खाली उष्णता सोडतो. पंखा फिरवतो ती हवा गरमच असते. यावर स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइलचे चायना मोझॅक हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. ते जमत नसेल तर दर वर्षी फाल्गुनात चुन्याचा किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. विटांच्या तुकड्यांचा कोबा गळती आणि उष्णता दोन्ही अडवतो, पण त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोपर्यंत जाते. तो करायचा असेल तर अभियंत्याला आधी सांगावे. सौर पॅनेल स्लॅबपासून वर उचलून बसवले तर त्यांची सावलीही मिळते.

हवा खेळण्यासाठी समोरासमोर खिडक्या हव्यात आणि छताजवळ झरोके हवेत, कारण गरम हवा वरून बाहेर पडते. जुन्या माळवदाच्या छतात उजेडासाठी आणि धुरासाठी जो झरोका असे, त्याचे काम आज जिन्याच्या वरच्या बाजूची जाळीदार खिडकी करू शकते. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचे निम्मेच तावदान उघडते. बिजागऱ्यांवर उघडणारी खिडकी पूर्ण वारा घेते. खिडकी निवडताना हा फरक विक्रेता सांगत नाही. जागा असेल तर सहा बाय आठ फुटांचा का होईना, आत चौक ठेवावा. तेवढी जागा दिवाणखान्यातून कमी झाली तरी चालेल.

आजी-आजोबांची खोली खालच्या मजल्यावर, संडास-न्हाणीजवळ आणि उंबऱ्याविना असावी. न्हाणीचे दार बाहेर उघडावे, म्हणजे आत कोणी पडले तर दार अडत नाही. जिन्याची पायरी सात इंचांहून उंच नसावी आणि दहा इंचांहून अरुंद नसावी. सोयाबीन-हरभऱ्याच्या पोत्यांना, फवारणीच्या पंपाला आणि औषधांना घराबाहेरून दार असलेली वेगळी, हवेशीर खोली द्यावी. शेतकऱ्याच्या घराचा नकाशा शहरी फ्लॅटवरून उतरवला की नेमकी हीच खोली हरवते.

काँक्रीट आणि पाणी

इथल्या बांधकामाचे वेळापत्रक पाण्यावर आणि उसाच्या बिलावर चालते. दिवाळीनंतर विहिरी-बोअरला पाणी असताना पाया आणि जोते, माघापर्यंत स्लॅब, आणि पाणी कमी लागणारी कामे उन्हाळ्यात, असा क्रम सोयीचा पडतो. मात्र ऊसतोडीच्या हंगामात मजूर मिळणे कठीण होते, म्हणून गुत्तेदाराकडून माणसांची हमी आधीच घ्यावी.

एम 20 काँक्रीटसाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे प्रमाण सर्वांना पाठ असते. पाण्याचे प्रमाण कोणी मोजत नाही. भारतीय मानक 456 प्रमाणे 50 किलोच्या एका पोत्याला 30 लिटरपर्यंतच पाणी घालायचे असते, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल पटकन पसरतो म्हणून बादल्या वाढत जातात. जास्तीचे पाणी उडून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि पुढे स्लॅब पाझरतो व सळई गंजते. मिक्सरजवळ 30 लिटरचे माप ठेवून घरातल्या एका माणसाने दिवसभर तेवढेच पाहावे. बोअरचे पाणी खारे असेल तर त्याची तपासणी करून घ्यावी; आरसीसी कामाच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. क्रश सँड वापरण्यात कमीपणा नाही, फक्त ती धुतलेली, भुकटी काढलेली हवी.

सळ्यांखाली कव्हर ब्लॉक लावावेत: स्लॅबला 20, खांबाला 40 आणि पायाला 50 मिलिमीटर. त्यांच्या जागी ठेवलेला खडीचा तुकडा किंवा फरशीचा कपचा सरकतो, आणि सळई काँक्रीटच्या बाहेर डोकावते. वीज आणि पंख्यांच्या नळ्या स्लॅब भरण्याआधी टाकलेल्या असाव्यात. भरण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याने लोखंड तपासून लेखी होकार दिल्याशिवाय मिक्सर बोलावू नये.

हल्ली बाजारात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळते. त्याला निदान दहा दिवस, आणि शक्यतो चौदा दिवस सतत ओल हवी. स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवावे. एक हजार चौरस फूट स्लॅबवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे 4,700 लिटर, साधारण एक लहान टँकर. रोज उडणारे पाणी वेगळे. खांबांवर पाणी थांबत नाही, म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन-चारदा भिजवावे. एप्रिलमध्ये टँकरच्या पैशांसाठी हे दिवस कमी करण्यापेक्षा स्लॅबच महिनाभर आधी किंवा नंतर ठेवावा. सेंट्रिंगचे टेकू काढण्याची घाईही नको. साध्या सिमेंटसाठी मानकाने साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्याहून लांब स्लॅबला 14 दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळयांना 14 दिवस सांगितले आहेत. पीपीसी असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने ते वाढवावेत.

याच पाण्याचा दुसरा भाग म्हणजे छतावरचा पाऊस. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच भागातून धावली, हे इथे कोणाला सांगायला नको. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी 56 हजार लिटर पाणी मिळते. गच्चीचे सर्व पाइप एका बाजूला आणून, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय करून, उरलेले गाळणीतून भूमिगत टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणात न्यावे. घर पूर्ण झाल्यावर हे करायला फरशा फोडाव्या लागतात. शोषखड्डा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब हवा आणि काळी माती ओलांडून मुरमात उतरलेला हवा, कारण काळी माती पाणी जिरवत नाही.

शेवटची कामे

गिलावा, फरशी, रंग आणि फर्निचर यांत कुटुंबाचा उत्साह सर्वांत जास्त आणि उरलेले पैसे सर्वांत कमी असतात. म्हणून सुरुवातीलाच एकूण रकमेतला या कामांचा भाग बाजूला काढून ठेवावा. पैसे कमी पडलेच तर छतातले पीओपी आणि दर्शनी सजावट पुढच्या हंगामावर ढकलावी, जलरोधन मात्र कधीही नाही. न्हाणी आणि संडासाची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा इंचभर खाली हवी. जलरोधनानंतर तिथे पाणी तुंबवून निदान 48 तास ठेवावे, आणि खालच्या छताला ओल येत नाही हे पाहूनच टाइल बसवाव्यात. भिंतीतल्या पाइपांची दाबाखाली चाचणीही टाइलच्या आधी.

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याखाली जाळी लावली नाही, तर तिथेच सरळ भेग पडते. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी हवे. तो पूर्ण वाळण्याआधी पुट्टी मारली की वर्षभरात पोपडे निघतात. मुहूर्ताची तारीख गाठण्यासाठी रंगकाम ओल्या भिंतीवर उरकले जाते, ते टाळावे. वास्तुशांत साध्या पांढऱ्या भिंतींतही होते.

फरशीसाठी हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, न्हाणीत आणि अंगणात न घसरणारी टाइल, आणि ओसरीला शहाबादी हे मिश्रण इथे चांगले चालते. शहाबाद जवळ असल्याने हा दगड परवडतो, उन्हात टिकतो आणि अनवाणी पायांना सुखावतो. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपराखाली चार-सहा इंच येईल अशी तिला उभे करून ठरवावी, पुस्तकातल्या आकड्यावरून नव्हे. विजेच्या वायरी दिव्यांना दीड, प्लगना अडीच आणि गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरच्या घ्याव्यात. 30 मिलिॲम्पिअरचे गळती-रोधक आणि स्वतंत्र अर्थिंग अनिवार्य मानावे. छतावर सौर वीज बसवायची असेल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी गच्चीवर किलोवॅटमागे सुमारे शंभर चौरस फूट सावलीविना जागा राखावी.

गुत्तेदाराशी करार लेखी असावा. दर चौरस फुटावर असेल तर त्यात ओटा, स्कर्टिंग, पायऱ्या, कुंपण आणि पाणी धरले आहे का, ते एकेक करून लिहावे. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत, आठवड्याच्या बाजारावर नव्हे. स्लॅबमधल्या आणि भिंतींतल्या नळ्यांचे, पाइपांचे फोटो त्या झाकण्याआधी काढून नकाशासोबत जपावेत.

घर पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीत नव्या बांधकामाची नोंद करून नमुना 8 अद्ययावत करून घ्यावा आणि बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडून घरगुती करून घ्यावी. एकूण मजुरीतली निदान पाच टक्के रक्कम करारातच राखून ठेवावी आणि पहिला पूर्ण पावसाळा संपेपर्यंत देऊ नये. आषाढ ते भाद्रपद या काळात गच्चीचे कोपरे, न्हाणीखालचे छत, खिडक्यांच्या चौकटी आणि जोत्याभोवतीची जमीन दर आठवड्याला पाहावी, जे सापडेल ते गुत्तेदाराकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि मगच हिशेब पुरा करावा.